दुसऱ्या अंतऱ्याचं भांडण

आक्का, भांडण असं अर्ध्यात टाकून कुणी जातं का? आणि वर मला जिंकवून?

गेल्या आठवड्यात लातूरच्या दवाखान्यात तू माझा हात धरून म्हणालीस, "बेबे, तुझंच खरं व्हतं." मला वाटलं, औषधाच्या गुंगीत काहीबाही बोलतेयस. मी विचारलं, "कशाचं गं?" तू डोळे न उघडता म्हणालीस, "गाण्याचं." आणि मला असा राग आला, असा राग आला, की शेजारच्या खाटेवरच्या बाईनं वळून बघितलं. उभा जन्म तू माझ्याशी त्या एका गाण्यावरून भांडलीस, तसूभर मागं सरली नाहीस, आणि आता खाटेवर पडल्यापडल्या माघार? मी म्हणाले, "न्हाई, तुझंच खरं. म्हन की एकदा तुझा अंतरा." तू नुसती मान हलवलीस. नको म्हणून की येत नाही म्हणून, ते काही मला कळलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तू गेलीस.

परवा तुझ्या सुनेनं विचारलं, "मावशी, तुमी दोघी फोनवर सारख्या कोन्त्या गान्यावर भांडत व्हता ओ?" तिला जे सांगितलं तेच तुला सांगते. कुठं चुकलं तर मधेच तोंड घालून सुधारायला आता तू नाहीस, म्हणून जपून सांगते.

बिलोलीत आपल्या अण्णांचा लाउडस्पीकरचा धंदा. दोन भोंगे, एक मशीन, एक बॅटरी आणि पत्र्याच्या पेटीत रिकार्डी. आसपासच्या गावांत कुणाचं लग्न ठरलं की आधी अण्णांना सांगावा यायचा आणि मग भटजीला. तू शाळा सोडून घरी बसली होतीस आणि मी अजून फ्रॉकमध्ये होते, त्या काळातली गोष्ट. अण्णांनी नांदेडहून एका मराठी सिनेमाची रिकार्ड आणली. एका बाजूला नाचाचं गाणं होतं, ते सगळीकडं गाजलं. दुसऱ्या बाजूचं थोडे दिवस रेडिओवर लागलं, लोकांनी ऐकलं आणि विसरून गेले. सिनेमा पडला. गाणारीचं पुढं काय झालं कुणास ठाऊक.

मग एका लग्नात नवरी जीपमध्ये चढत असताना अण्णांनी घाईघाईत रिकार्ड उलटी लावली. वाजायचं होतं नाचाचं गाणं, आणि भोंग्यातून आलं, "कडी लाव गं मागं, मी निघाले. दिव्यात तेल घाल, मी निघाले." नवरीच्या आईनं असा हंबरडा फोडला की वऱ्हाडातले बाप्येसुद्धा उपरण्यानं डोळे पुसायला लागले. अण्णा घाबरून सुई उचलायला गेले, तर नवरीचा बाप म्हणाला, "ऱ्हाऊ द्या अण्णा, वाजू द्या." झालं. त्यानंतर त्या गाण्याशिवाय बिलोलीतून लेक बाहेर पडली नाही. चूक झाली अण्णांची आणि रीत झाली गावाची.

अण्णांचा त्यात एक नियम होता. जीप वेशीबाहेर गेली की गाणं बंद. "जानारीला ऐकू येत न्हाई, अन् ऱ्हानाऱ्यानं ऐकू न्हाई," असं ते म्हणायचे. पहिला अंतरा संपता संपता जीप वेस ओलांडायचीच. घागर भरून ठेवलीय, वासराला दावं लावलंय, आता माझी वाट बघू नका, असा तो पहिला अंतरा. पुढचं लग्नात कुणी ऐकलंच नाही, आणि रेडिओवरचं कुणाच्या ध्यानात राहिलं नव्हतं. घरी रिकार्ड लावायची सोय नव्हती, सुई झिजते म्हणून अण्णा मशीनला हात लावू देत नसत. त्यामुळं अख्ख्या बिलोलीला मुखडा आणि पहिला अंतरा पाठ, आणि दुसरा अंतरा कान देऊन ऐकलेली माणसं दोनच. तू आणि मी. तीही वेगवेगळ्या वेळी.

तू म्हणायचीस की अण्णा बॅटरी भरून आणायला नरसीला गेले होते, तेव्हा तू मशीनला चावी देऊन गुपचूप रिकार्ड लावलीस. भोंगे जोडलेले नव्हते. नुसत्या सुईचा बारीक आवाज येत होता, त्याला कान लावून तू सगळं गाणं ऐकलंस. दुसऱ्या अंतऱ्यात ती लेक माघारी येते, दाराची कडी वाजवते, आणि आई उठून दार उघडते. हे तुझं म्हणणं.

मी ऐकलं ते तुझ्या लग्नात. तुला जीपमध्ये बसवून अण्णा धावत मशीनपाशी आले, कारण दुसऱ्या कुणाच्या हाती मशीन देण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. मी तिथंच भोंग्याच्या बांबूला धरून उभी होते. जीप वेशीबाहेर गेली. अण्णांचा हात सुईपर्यंत गेला आणि तिथंच थांबला. जगाच्या लेकींना वेळेवर वाटेला लावणारा माणूस, स्वतःच्या लेकीच्या वेळी त्याला सुई उचलवेना. गाणं पुढं गेलं. बाकीची माणसं जीपमागं वेशीकडं गेली होती, रडारडीत गाण्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं. मी ऐकलं ते असं, "कडी वाजली, वारं असंल, कूस बदलून निजली माय." पुढच्या ओळीही मला येतात. त्यांत दार उघडत नाही.

अण्णांनाही ते ऐकू आलंच असणार. मी पुढं कितीदा विचारलं. ते म्हणायचे, "मला काय ऐकू येत व्हतं गं त्या वक्ताला?" आता तेही नाहीत. रिकार्डींची पेटी एका उन्हाळ्यात मांडवात उघडी राहिली आणि सगळ्या रिकार्डी पापडासारख्या वाकल्या. तोवर कॅसेटी आल्याच होत्या. कॅसेटींत ते गाणं कधी मिळालं नाही.

पण मुखडा टिकला होता, नाही का? लातूरच्या बाजारात, गंजगोलाईत, भाजी घेताना मागून कुणी बाई गुणगुणली, आणि तू पिशवी खाली ठेवून तिला विचारलंस, "बिलोलीची का गं?" ती बाई तुझ्या गळ्यात पडून रडली म्हणे. एकमेकींचं नावही विचारलं नाही, भर बाजारात दोघी वाटेत उभ्या, आणि भाजीवाला म्हणतोय, "अवो बाई, सरका की बाजूला." तू मला फोनवर हे सांगत होतीस तेव्हा हसत होतीस. मी विचारलं, "तिला दुसरा अंतरा येतो का?" तू म्हणालीस, "कुठून येनार? ती बी जीपमधेच व्हती की."

आपलं भांडण सुरू व्हायचं ते नेहमी तिथूनच. तू गायला लागायचीस, "कडी वाजली, माय उठली..." आणि मी तुला तिथंच तोडायचे. "उठली न्हाई! वारं असंल मून निजली ती." तू म्हणायचीस, "तुला काय कळतंय, तू रडून राहिली व्हतीस तवा." मी म्हणायचे, "अन् तू सुईला कान लावून राहिली व्हतीस, चोरावानी." मग तू हसायचीस, मी हसायचे, आणि तुझा अंतरा तिथंच राहायचा. मी शाळेत मराठी शिकवते, कविता कशी असते ते मला जास्त कळतं, असंही मी तुला ऐकवलंय. त्यावर तू म्हणालीस, "हाव बाई, तू पुस्तकातली मास्तरीन. पन गानं माझं हाय." हे उत्तर मला फार आवडलं होतं. तुला तेव्हा सांगितलं नाही, नाहीतर तू डोक्यावर बसली असतीस.

पण आक्का, तू एकदा खरंच माघारी आली होतीस. त्याविषयी आपण कधी बोललो नाही. आज बोलते, ऐकून घे.

लग्नानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात तू एकटीच एसटीनं उदगीर, देगलूर करत आलीस. हातात एक पिशवी. आईनं विचारलं, "जावई कुठं हायत?" तू म्हणालीस, "घरी." आई म्हणाली, "भांडन झालं का?" तू म्हणालीस, "भांडायला बोलावं लागतंय, आई. त्ये मारत न्हाईत, शिव्या देत न्हाईत. बोलतच न्हाईत. शेजाऱ्याशी बोलतेत, म्हशीशी बोलतेत, माझ्याशी न्हाई." आई म्हणाली, "मंग काय झालं? शांत मानूस हाय." अण्णा पायरीवर बसून भोंग्याची तार सरळ करत होते. त्यांनी मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी आपल्या गल्लीच्या मागंच एक लग्न होतं. अण्णा मशीन घेऊन गेले. तू ओट्यावर बसून शेंगा सोलत होतीस, मी तुझ्या शेजारी. नवरी निघायची वेळ झाली आणि भोंग्यातून ते गाणं आलं. तू शेंग हातात धरून ऐकत राहिलीस. पहिला अंतरा संपला, सुई उचलल्याचा तो खरडल्यासारखा आवाज आला, आणि गाणं बंद झालं. तेवढ्यात आई आतून उठली. माझी खात्री आहे की तुलाही क्षणभर वाटलं असणार, ती आता बाहेर येऊन तुझ्यापाशी बसेल. ती स्वयंपाकघरात गेली, परात घेतली आणि दशम्यांचं पीठ मळायला बसली. दशम्या वाटेसाठी करतात. जा असं कुणी म्हणालं नाही, राहा असंही कुणी म्हणालं नाही. तू परातीचा आवाज ऐकलास, सोललेल्या शेंगा सुपात ठेवल्यास, पदर झटकलास आणि पिशवी आणायला आत गेलीस. अण्णा आल्यावर तू म्हणालीस, "चला." ते तुला पोचवायला गेले. तुझी पिशवी त्यांनीच धरली होती.

त्यानंतर तू अशी न सांगता कधी आली नाहीस. सणाला यायचीस, बाळंतपणाला आलीस, तेही जायची तारीख आधी सांगून. आणि तरीही तू म्हणत राहिलीस की माय उठली. ज्या बाईला तिच्या माहेरचं दार उघडं असूनही राहता आलं नाही, तिनं उभा जन्म गाण्यातलं दार उघडं धरून ठेवलं. मला तुझा राग यायचा तो याच्यासाठी. मला वाटायचं, हिला दिसत कसं नाही? आता वाटतं, तुला सगळ्यांत आधी दिसलं होतं.

तू माझं काय केलंस, तेही सांगून टाकते. मला बघायला हे आले तेव्हा तू लातूरहून मुद्दाम आलीस. शिक्षण विचारलं नाहीस, शेती विचारली नाहीस, नोकरी विचारली नाहीस. त्यांच्यासमोर बसलीस आणि त्यांना बोलतं केलंस. गावच्या विहिरीपासून कॉलेजच्या नाटकापर्यंत ते बोलत होते आणि तू मान डोलावत होतीस. पोहे गार झाले. मंडळी गेल्यावर अण्णांनी विचारलं, "कसा वाटला?" तू म्हणालीस, "ह्यो बोलतो. द्या बेबीला." तेवढ्यावर माझं लग्न ठरलं. आमचे हे इतके बोलतात की नांदेडला घरी पाहुणे आले तर त्यांची शेवटची बस चुकते. मी कातावते, ओरडते, "अवो, जरा गप बसा की." आणि लगेच तू आठवतेस, मग मी त्यांना बोलू देते. माझ्या घरात आवाज आहे तो तुझ्यामुळं. हे मी तुला फोनवर सांगायला हवं होतं. आपण गाण्यावर भांडत बसलो.

माझ्या लग्नात ती रिकार्ड नव्हती, वाकून गेलेली. अण्णा कॅसेट लावणार होते कुठलीतरी. तू म्हणालीस, "बंद करा ती मशीन," आणि मांडवाच्या दारात उभी राहून स्वतः गायलीस. तुझा आवाज काही गोड नव्हता, जात्यावरच्या बाईसारखा जाडसर. मी जीपमध्ये बसून वेशीपर्यंत ऐकलं. नंतर आत्या सांगायची की जीप गेल्यावर तू पहिल्या अंतऱ्यालाच गप्प झालीस. अण्णांचा नियम पाळलास.

दोन वर्षांपूर्वी माझ्या मुलानं मोबाईलवर ते गाणं शोधलं. नाचाचं गाणं लगेच सापडलं. रिकार्डीच्या दुसऱ्या बाजूचं नाही. तो म्हणाला, "आई, आसं गानंच न्हाई." मी तुला फोन केला. तू म्हणालीस, "आसं गानंच न्हाई म्हनजे? मंग आपुन दोघी येड्या हाव का?" मी नांदेडच्या जुन्या रिकार्डी जमवणाऱ्या एका माणसाकडंही जाऊन आले. त्याच्याकडं त्या काळातली गाजलेली सगळी होती आणि अगदी पडलेलीही बरीच होती. त्याला मी मुखडा म्हणून दाखवला. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ताई, लई गाजलेलं लोक ठेवतेत, लई पडलेलं माझ्यासारखा ठेवतो. हे मधलं हाय. मधलं कोनी ठेवत न्हाई." मी घरी येऊन तुला सांगितलं तर तू म्हणालीस, "न्हाई ठेवलं तर न्हाई ठेवलं. आपुन हाव की." दोघी होतो तोवर ते गाणं होतं. आता मी एकटी म्हणते की असं गाणं होतं, आणि एकटीच्या म्हणण्याला कोण विचारतं?

तुला न्यायची तयारी झाली तेव्हा दाजी खुर्चीवरून उठले. काठी टेकत तुझ्यापाशी आले, वाकले, आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "आता म्या कुनाशी बोलू?" बाया रडायला लागल्या. आत्या तर म्हणाली, "बगा, किती जीव व्हता." मला त्या म्हाताऱ्याला फाडून खावंसं वाटलं. मग त्यांच्याकडं बघितलं, तर ते खरंच घाबरलेले होते. त्यांचं काय होतं ते तुला कधी कळलं असेल तर मला सांगितलं नाहीस. मला माफ करता येणार नाही. तू केलं असशील, तुझा काही नेम नाही.

बाप्ये तुला घेऊन गेले. आपल्यात बाया मागं राहतात, तशा राहिलो. तुझ्या सुनेनं अंगणात पाणी ओतलं आणि आत आली. ती रडून रडून दमली होती. मला म्हणाली, "मावशी, दार घ्या की लावून." मी दारापाशी गेले. गल्लीच्या वळणावर लोकांच्या पाठी दिसत होत्या, मग त्याही दिसेनाशा झाल्या. मी कडीला हात लावला आणि ते गाणं डोक्यात सुरू झालं. कडी लाव गं मागं, मी निघाले. घागर, वासरू, वाट बघू नका. पहिला अंतरा संपला. तू वेशीबाहेर गेलेली होतीस, सुई उचलायला अण्णा नव्हते, आणि गाणं पुढं गेलं.

पुढं माझा अंतरा होता. वारं असंल, कूस बदलून निजली माय. मला तो नको होता. मला तुझा म्हणायचा होता, आक्का. त्या दारात उभं राहून एकदा तरी तुझा अख्खा अंतरा म्हणायचा होता, दार उघडेपर्यंत. मी सुरुवात केली. "कडी वाजली, माय उठली..."

मला तेवढंच येतं. तिथंच मी तुला तोडायचे.

माय उठली, इथपर्यंत तू मला दिलंस. पुढं ती दार उघडते असं तू नुसतं म्हणायचीस, पण ती दाराकडं गेली की परातीकडं, ते गाऊन गेली नाहीस. सून पुन्हा म्हणाली, "मावशी, कडी." मी लावली.